गाड्यांचं पाणी

आमच्या घरात दोन तऱ्हेचं पाणी होतं. एक गाड्यांचं आणि एक आमचं. गाड्यांचं पाणी शेडच्या आतल्या भिंतीला, दगडी कट्ट्यावर ओळीने मांडलेल्या निळ्या ड्रमांत असायचं. प्रत्येक ड्रमावर धुतलेलं फडकं, वर झाकण, झाकणावर दगड. आमचं पाणी मोरीजवळच्या हंड्यात आणि घागरींत असायचं आणि त्यावर झाकण असलं तर असलं, नसलं तर नसलं. आमचं पाणी बोअरच्या हापशाचं. मचूळ आणि जड. ते पिऊन तहान भागायची असं नाही, फक्त पोट भरायचं. गाड्यांचं पाणी पावसाचं. शेडच्या पत्र्यावरून पन्हळीतून यायचं. सुरुवातीच्या सरी अब्बा वाया जाऊ द्यायचे, पत्रा धुऊन निघाला की मग मला ओरडायचे, "शमे, फडकं बांध!" मी ड्रमाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधायची आणि पाणी गाळून आत पडायचं. विट्याकडचा पाऊस म्हणजे बोलावूनही न येणारा पाहुणा, त्यामुळे जे यायचं ते थेंब न थेंब वर्षभर पुरवायचं असा नेम होता. त्या ड्रमांतलं पाणी घरात प्यायचं नाही. हे आम्हाला कुणी कधी शिकवलं नाही, पण चुलीत हात घालायचा नाही हे जसं कळतं तसं ते आम्हाला कळत होतं.

अब्बा रेडिएटरचे मिस्त्री. विट्याच्या बाहेर, रस्त्याला लागून आमचं पत्र्याचं शेड, आणि शेडच्या पाठीला चिकटून दोन खोल्यांचं घर. लोक त्यांना इंजिनाचं काम विचारायला यायचे तर ते सरळ सांगायचे, "इंजिन दुसरीकडं दावा. मी पाण्याचा माणूस हाय." पितळी रेडिएटर उघडायचा, आतल्या चपट्या नळ्यांतून पातळ पट्टी फिरवून साचलेला चुना काढायचा, गळकी जागा शोधायला तो हौदात बुडवून हवेचे बुडबुडे बघायचे, मग कथलाचा डाग द्यायचा, हे त्यांचं काम. आमच्या घराला त्या डागाचा, तापल्या कथलाचा आणि जुन्या रबराचा वास होता. आजही कुठल्या गॅरेजसमोरून रिक्षा गेली आणि तो वास आला की मी पदर नाकाला लावते. मैत्रिणींना वाटतं, मला घाण वाटते. वाटू दे.

त्यांच्याकडे खरी गर्दी व्हायची ती गलाईवाल्यांची. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला देशभर पांगलेली, आणि गावच्या जत्रेला म्हणा, लग्नसराईला म्हणा, ती आपापल्या गाड्या घेऊन कुठून कुठून घरी यायची. परत निघायच्या आधी गाडी आमच्या दारात आणायची ही रीतच पडली होती. अब्बा जुनं पाणी सोडायचे, आत पाणी मारून घ्यायचे, मग ड्रमातलं पाणी भरायचे. टोपण उघडं ठेवून इंजिन चालू करायचे आणि पाण्यातून येणारे बुडबुडे थांबेपर्यंत वाकून बघत राहायचे. "हवा ऱ्हायली आत तर घाटात दगा दील," असं म्हणायचे. शेवटी एक कॅन भरून हातात द्यायचे. "वाटंत लागलं तर ह्येच घाला. कुठलं बी घालू नका." गलाईवाल्यांच्या बायका गाडीत बसून त्या कॅनला हात जोडायच्या, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. विट्याच्या मिस्त्रीचं पाणी मद्रासपर्यंत चालतं, असं लोक म्हणायचे. हे ऐकलं की अब्बांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

अम्मी कुंडलची. कुंडल काही लांब नाही, पण पाण्याच्या दृष्टीनं तो वेगळा मुलूख. तिकडे विहिरींना गोड पाणी, उसाचे मळे, दारात केळी. तिथून ती आमच्या खडकाळ माळावर आली आणि पहिल्याच दिवशी तिची डाळ शिजली नाही. हे ती रंगवून सांगायची. सासरी पहिला स्वैपाक, चुलीवर तुरीची डाळ, सरपण संपत आलं तरी डाळ आपली टणक. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, ती चुलीपुढे बसून रडली. मग शेजारणीनं येऊन डाळीत सोडा टाकला आणि म्हणाली, "रडू नगंस बाई, हितलं पाणीच आसलं हाय." तेव्हापासून आमच्या डाळीला, हरभऱ्याला, मटणालासुद्धा सोडा. चहा काळपट, त्यावर तवंग. हंड्याच्या बुडाला पांढरा थर धरायचा, तो अम्मी विटकरीच्या तुकड्यानं खरवडायची. खर्र खर्र असा तो आवाज दर शुक्रवारी दुपारी यायचा. शेडमध्ये अब्बा रेडिएटरच्या नळ्या खरवडत असायचे आणि मागे अम्मी हंडा. दोघांच्या हाताखालून एकच पांढरी भुकटी पडायची. हे मला तेव्हा दिसत होतं, पण नुसतं दिसत होतं.

एका ईदला अम्मीनं हौसेनं विचारलं होतं. तिची कुंडलची भावंडं जेवायला येणार होती. "आवं, डाळीपुरतं एक तपेलं द्या की तुमच्या डरममधलं. माज्या भावांम्होरं सोड्याची डाळ वाढू व्हय?"

अब्बा हातपाय धुऊन नमाजला निघालेले. म्हणाले, "आन उद्या गिराईक दारात हुबं ऱ्हायलं तर? त्येला काय डाळ घालू?"

"म्हंजी गाडीच्या पोटात खडा हुऊ ने, आन आमच्या झाला तरी चालंल."

"माणसाचं आतडं पितळंचं न्हाई, मुरतंय समदं," अब्बा हसत म्हणाले आणि गेले. अम्मीही हसली. तिच्या बोलण्याला धार असायची, पण त्या धारेनं कुणाला कापलं नाही. मला जवळ ओढून म्हणाली, "अल्लानं मला गाडी करून धाडायला पायजे व्हतं बग. तुज्या बापानं तळहातावर ठेवलं आसतं." त्या दिवशीही डाळीत सोडाच पडला. अब्बा वाईट माणूस नव्हते. त्यांनी अम्मीवर कधी हात उगारला नाही, बाजारातून येताना तिच्यासाठी गजरा आणायचे. पण ड्रमांतलं पाणी हे त्यांचं नाव होतं, आणि नावातलं तपेलंभर काढून देणं त्यांना जमलं नाही. मी त्यांना फार वर्षं माफ केलं नव्हतं. आता केलंय का, हे लिहून संपल्यावर बघू.

अब्बांची एक सवय होती. कुठलीही गाडी आली की बॉनेट उघडून, इंजिन गार असताना, ते रबरी पाइप अंगठ्यानं दाबत जायचे. वरचा पाइप, खालचा पाइप, क्लिपेच्या अलीकडे आणि पलीकडे. "पाइप बाहेरनं बघायचा नसतोय," ते म्हणायचे. "बाहेरनं काळाकुळकुळीत दिसतोय आन आतनं गेलेला आसतोय. दाबला की कळतंय." दाबल्यावर करकरला तर रबर वाळलं, लिबलिबीत लागला तर आतून कुजलं, आणि अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला तर तो पाइप एक दिवसही ठेवायचा नाही. बदलतानाही ओढाओढी नाही. जुना पाइप पात्यानं उभा चिरून सोलून काढायचा, नाहीतर रेडिएटरचं पितळी नरडं मोडतं. नव्या पाइपला आतून साबणाचं पाणी, क्लिप आधी ओवून घ्यायची, मग आवळायची, फार आवळायची नाही. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून त्यांना तिचं पाणी कळायचं.

त्या वर्षी माझी दहावी झाली होती आणि अम्मीला काहीतरी झालं होतं. आधी कंबरेतून कळा यायच्या. मुतखडा, असं सगळ्या बायका म्हणाल्या, आणि आमच्या गल्लीत ज्या त्या बाईला मुतखडा होता, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पानफुटीची पानं खाऊन झाली, कुळथाचं कढण पिऊन झालं. पाणी भरपूर पी, असं जो तो सांगायचा, म्हणून ती तांब्यावर तांब्या प्यायची. तेच मचूळ पाणी. मग कळा थांबल्या आणि आम्हाला वाटलं बरं झालं. मग तिला अन्न नकोसं झालं. भाकरीचा वाससुद्धा सोसेना. चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, तर शेजारणी म्हणाल्या, अंगानं भरलीय. पायातली जोडवी रुतायला लागली तेव्हा तिनं ती साबण लावून काढून ठेवली, आणि विचारलं तर म्हणाली, उकाड्यानं पाय चढलेत. एका सकाळी ती चुलीपाशी उठायला गेली आणि तिथेच बसली. तेव्हा अब्बा शेडमधून हात न धुता आत आले.

बापू वडूजचा. वडूज-विटा वडापची जीप चालवायचा आणि आमच्या घरी चहा प्यायल्याशिवाय पुढे जायचा नाही. त्यानं फेरी सोडली, उतारू खाली उतरवले आणि अम्मीला मागच्या सीटवर आडवं केलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. अब्बांनी सवयीनं पाण्याचा एक कॅन आणि हत्यारांची पिशवी पायाशी ठेवली. सांगलीला न्यायचं होतं. कुंडलच्या अलीकडच्या उतरणीवर, जिथे दोन्ही बाजूंना नुसता खडक आणि बाभळी आहेत, तिथे तापल्या रबराचा उग्र वास आला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली.

"मिस्त्री, काटा पार वर गेला!" बापू म्हणाला.

"बाजूला घे. बंद कर. टोपनाला हात लावू नगंस."

खालचा पाइप उभा फाटला होता. सगळं पाणी डांबरावर सांडलेलं. अब्बांनी बापूकडे नुसतं पाहिलं. बापूच्या तोंडचं पाणी पळालं. "मागल्या खेपंला तुमी म्हनला व्हता, बदल म्हनून. आज करू उद्या करू म्हनत ऱ्हायलं."

"ऱ्हाऊ दे. चालतंय तवर समद्यास्नी बरं वाटतंय," अब्बा म्हणाले.

पिशवीत पाइप होता, जरा लांब, तो त्यांनी कापून बसवला. त्याला वेळ लागला नाही. वेळ लागला तो इंजिन गार व्हायला. तापल्या इंजिनात गार पाणी घातलं तर हेड तडकतं, ही गोष्ट जगाला सांगणारा माणूस स्वतः दर थोड्या वेळानं बॉनेटवर तळहात ठेवत होता आणि चटका बसून काढत होता. त्यांनी कधी घाई केलेली मी पाहिली नव्हती. अम्मीला आम्ही बाभळीच्या विरळ सावलीत आणून बसवलं होतं. तिला उलटी झाली, पण आत काही नव्हतं. ओठ पांढरे पडलेले. एसटी एखादी येईल म्हणून बापू रस्त्याच्या मधोमध उभा, पण रस्ता ओस. जवळपास वस्ती नाही. अब्बा कॅनचं झाकण उघडून रेडिएटरपाशी उभे राहिले, तेव्हा अम्मी म्हणाली, "आवं, घोटभर द्या की."

घरून आणलेला तांब्या केव्हाच संपला होता. कॅनमध्ये पाणी होतं ते रेडिएटरला जेमतेम पुरेल एवढं. अब्बांनी रेडिएटरच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. मग अम्मीकडे पाहिलं. अगदी पापणी लवेल एवढाच वेळ ते थांबले असतील. पण मी ते थांबणं पाहिलं आणि अम्मीनंही पाहिलं. मग ते तिच्यासमोर उकिडवे बसले, मला कॅन तिरपा करायला लावला, तिच्या ओंजळीखाली आपली ओंजळ धरली आणि तिला पाणी पाजलं. ती थोडंसं प्याली, थांबली, पुन्हा प्याली. डोळे मिटून घेतले तिनं.

"गोड हाय वो," ती म्हणाली. "आमच्या कुंडलच्या पाण्यागत."

अब्बांनी माझ्या हातातून कॅन घेतला.

"आन इतकी वर्सं ह्ये गाड्या पेल्या व्हय?" तिनं हे चेष्टेनंच म्हटलं. तिचा आवाज बारीक झाला होता, तरी त्यात नेहमीची ती खोडी होती. मला हसू येईना. अब्बा उठले आणि उरलेलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. पाणी काठापर्यंत आलं नाही, बोटभर खाली राहिलं. त्यांनी तसंच टोपण लावलं. पाणी कमी असताना टोपण लावताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.

सांगलीच्या डॉक्टरांनी अम्मीला तपासलं. पोट, डोळे, जीभ. मग तिची साडी घोट्यापासून थोडी वर केली आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तर तिथे खळगा पडलेला, आणि तो भरून येईना. डॉक्टरांनी जरा वर दाबलं, तिथेही खळगा. मी अब्बांकडे पाहिलं. ते त्या खळग्याकडे पाहत होते आणि त्यांचा उजवा अंगठा आपोआप मुठीत गेला होता. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टर समजावून सांगत होते. खडे, आतली सूज, रक्तातली घाण, मशीनवर रक्त धुवावं लागेल, तेही किती दिवस चालेल सांगता येत नाही. अब्बांनी एकच विचारलं, "साहेब, पान्यानं झालं का ह्ये?" डॉक्टर म्हणाले, एकट्या पाण्यानं झालं असं म्हणता येत नाही, कारणं बरीच असतात, वेळेवर आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पुढे आयुष्यभर मी हा प्रश्न भेटेल त्या डॉक्टरला विचारला. कुणी हो म्हणालं नाही, कुणी छातीठोकपणे नाही म्हणालं नाही. अब्बांनी मात्र त्याच दिवशी आपल्यापुरतं उत्तर घेतलं आणि ते कधी बदललं नाही.

घरी आल्याबरोबर त्यांनी मला सांगितलं, "आजपास्नं अम्मीला डरमातलंच पानी द्यायचं. पियाला, च्याला, डाळीला. कुनाला बी इचारायचं न्हाई." पण डॉक्टरांनी तिला पाणी मोजून दिलं होतं. दिवसाला तांब्याभर, चहा-दूध-औषध धरून. कट्ट्यावर भरलेले ड्रम, आणि मी तिला वाटीनं पाणी देत होते. ती वाटीत बोट बुडवून ओठ ओले करायची, म्हणजे पाणी जास्त वेळ पुरतं. डाळ आता बिनसोड्याची शिजायची, लोण्यासारखी मऊ, आणि ती डाळ डॉक्टरांनी अम्मीला वर्ज्य सांगितली होती. ती आमच्याच ताटात यायची. मी ती भाकरीच्या तुकड्यानं नुसती ढवळायची. अब्बा ताटावर बसायचे आणि भाकरी चटणीशी खाऊन उठायचे.

गलाईवाले त्याही वर्षी आले. अब्बांनी त्यांचे पाइप दाबले, क्लिपा बदलल्या, रेडिएटर साफ केले. पाणी मागितलं तर म्हणाले, "पानी तुमचं तुमी आना." एक जण चिडला, म्हणाला, "चाचा, ड्रम तर भरल्यात की हे." अब्बा म्हणाले, "त्ये घरचं हाय." आतल्या खोलीत खाटेवर पडलेल्या अम्मीनं हे ऐकलं आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तशातही तिला गंमत वाटली. मला तिची ती भुवई अजून दिसते आणि अजून रडू येतं. इतकी वर्षं झाली, मला नातवंडं झाली, तरी येतं.

आता आमच्या माळाला कालव्याचं पाणी आलंय. कोपऱ्याकोपऱ्यावर फिल्टरचं मशीन आहे, नाणं टाकलं की पाणी मिळतं. माझ्या मुलाच्या गाडीत रंगीत कूलंट असतं, ते कंपनीच्या माणसाशिवाय कुणी उघडून बघतही नाही. सांगलीच्या माझ्या घरात बसून मी हे लिहितेय, आणि रोज सकाळी उठल्यावर पाय खाली सोडायच्या आधी नडगीवर अंगठा दाबून बघते. सून म्हणते, आई हा कसला व्यायाम. मी म्हणते, पाइप बघते. अब्बा अम्मीनंतरही पुष्कळ जगले. शेड चालवलं, हात थरथरायला लागेपर्यंत डाग दिले. पाऊस ड्रमांत धरायचं मात्र त्यांनी सोडलं. पन्हळीतलं पाणी रस्त्यावर वाहून जायचं आणि ते दारात बसून बघायचे.

अम्मी गेली ती भर उन्हाळ्यात, सकाळी. हापसे कोरडे पडले होते, टँकरचा पत्ता नव्हता. मयताला आंघोळ घालायची तर पाणी लागतं. गल्लीतल्या बायका घराघरातून कळशी कळशी गोळा करायला निघाल्या, तेव्हा अब्बा शेडमधून म्हणाले, "कुनीबी पानी आनू नका." अंगणात चादरी बांधून आडोसा केला. आत अम्मी फळीवर, मी आणि तीन-चार म्हाताऱ्या बायका. मर्दांनी आत यायचं नसतं. अब्बा चादरीच्या पलीकडे होते. ड्रमाच्या तोटीला त्यांनी जुना रेडिएटरचा पाइप जोडला होता. त्यातून बादली भरायचे आणि चादरीखालून आत सरकवायचे. बोरीचा पाला घातलेलं पाणी झालं, साधं झालं, शेवटी कापराचं. अम्मीच्या पायांवरून पाणी ओघळत होतं, ते किती स्वच्छ होतं ते मी बघत होते. तिच्या नडगीवर माझा हात होता. मी दाबलं नाही.

सगळं रीतीप्रमाणे झालं. कुंडलहून आलेली मोठी खाला, अम्मीची बहीण, म्हणाली, "बास झालं, भाऊ."

चादरीखालून आणखी एक बादली आत आली. काठोकाठ भरलेली.

"भाऊ, झालं आता. नगं आनकी."

पलीकडून पाण्याचा आवाज थांबला नाही. मग अब्बांचा आवाज आला.

"घ्या वो. लय हाय अजून."